एक घर बाकी

नमस्कार. दारात उभे आहेत त्यांनी आत या. पुढे सतरंजीवर जागा आहे, मागे खुर्च्या आहेत. फक्त शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची तेवढी सोडा. का, ते सांगतो.

काकू, सरोजबाई, भाऊसाहेब, आणि आपल्या गल्लीतले सगळे. मला बोलता येत नाही. भाऊसाहेबांना मी सकाळीच म्हटलं, मला सोडा, मी मागे बसतो. ते म्हणाले, "इतक्या लांबून आलास, दोन शब्द बोल." मी गाडीत बसून दोन पानं लिहिली होती. ती खिशात आहेत. ती आता काही कामाची नाहीत. का, तेही सांगतो.

मी नितीन. बालाजी घाटाजवळच्या धर्मशाळेत स्वयंपाक करायचे, त्या बापूंचा मुलगा. ज्यांना मी आठवत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, मी शाळेलाही आठवत नसेन. नववीतून सुटलो. मग बनारस सोडून सुरत, मग हैदराबाद, मग परत सुरत, आणि आता चार वर्षं गुजरातमध्येच एका बंदरावर आहे. एका जागी टिकत नाही हो मी. बापू म्हणायचे, ह्याच्या पायाला चाकं आहेत आणि ब्रेक घरी राहिला आहे.

बंदरावर माझं काम हात करण्याचं आहे. क्रेनवाला वर काचेच्या डब्यात बसतो. त्याला खालचं नीट दिसत नाही. मी खाली उभा राहून हात करतो. असा केला की उचल. असा केला की सोड. तो फक्त माझा हात बघतो, दुसऱ्या कोणाचा नाही. एवढंच काम. हे का सांगतोय, तर पुढे लागणार आहे.

वामनकाका गेले त्याला आज तेरा दिवस झाले. झोपेत गेले. काकू सांगत होत्या, सकाळचा चहा ठेवला होता आणि हाक मारली तर उठले नाहीत. सगळे म्हणतात, छान मरण आलं, पुण्यवान माणूस. असेल. मला त्यात काही छान दिसत नाही. मला त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकायची होती. ती राहिली.

आपल्या मंडळाची मुलांची नाट्यस्पर्धा सगळ्यांना माहीत आहे. ह्याच हॉलमध्ये होते. पाच-सहा नाटकं. शाळेत मुलं हिंदी बोलतात, गल्लीत हिंदी बोलतात, वर्षातनं एकदा इथे येऊन मराठी बोलतात आणि आजी-आजोबा पुढे बसून रडतात. तीन परीक्षक असायचे. दोघं पुढे, टेबलाशी. समोर पाण्याचे ग्लास, हातात पेन. आणि तिसरे वामनकाका, मागे. ती बघा, ती खुर्ची. टेबल नाही, पेन नाही. भाऊसाहेब दर वर्षी म्हणायचे, "काका, पुढे बसा, परीक्षक आहात." ते म्हणायचे, "शेवटच्या माणसापर्यंत काय पोचतं ते बघायला शेवटचा माणूस नको का?" आणि मूल रंगमंचावर असेपर्यंत कागदाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "मी खाली बघून आकडा लिहिला आणि तेवढ्यात पोरगं वर काहीतरी करून गेलं, तर ते कोण बघणार?"

आणि त्यांचा तो नियम. निकाल मंचावर, कारण घरी. निकाल लागला की आठ दिवसांत ते सायकल काढायचे. ज्या ज्या मुलाने काम केलं त्याच्या घरी जायचे. रेल्वे कॉलनीत, पार युनिव्हर्सिटीच्या बाजूला, सगळीकडे. चहा घ्यायचे आणि मुलाला समोर बसवून सांगायचे, तुला का दिलं, तुला का नाही दिलं. कागदावर कधी लिहिलं नाही. एकाचं कारण दुसऱ्याच्या घरी कधी सांगितलं नाही. एकदा कोणाचे तरी वडील भांडायला आले होते. इथेच, दारात. "काका, लहान लेकरं आहेत, सगळ्यांना एकेक बक्षीस देऊन टाका ना, क्या जाता है?" काका म्हणाले, "मग मला कशाला बोलावता? पेढेवाल्याला बोलवा." पण त्यांच्याही घरी गेले. तिसऱ्याच दिवशी गेले.

माझ्याही घरी आले होते. तीनदा आले.

मी सातवीत होतो. आमच्या शाळेचं नाटक होतं एका नावाड्याचं आणि एका म्हातारीचं. मी नावाडी. म्हातारी आपली मंजिरी, ती बघा, खिडकीशी बसली आहे. आता ती तुमच्या मुलांना गणित शिकवते. तेव्हा तिला तिच्या आईचं नऊवारी तीन ठिकाणी पिना लावून नेसवलं होतं आणि केसांना पावडर. नाटक असं, की म्हातारी रोज येते आणि म्हणते, मला पलीकडे सोड. आता आपल्या गंगेच्या पलीकडे काय आहे, तुम्हाला माहीत आहे. रेती. दुसरं काही नाही. नावाडी विचारतो, आजी, तिकडे ना देऊळ, ना दुकान, कशाला जातेस? म्हातारी सांगत नाही. अख्खं नाटकभर नावाडी विचारतो, ती सांगत नाही. लोक हसतात. आणि शेवटी, नाव मधोमध आल्यावर, ती एकच वाक्य बोलते. "पलीकडे काही नाही रे. पण तिथनं आपलं घर दिसतं." की पडदा.

तर नाव मधोमध आली. मी वल्हं मारतोय. मंजिरी गप्प. मी बघतोय, ती गप्प. हॉल गप्प. मला वाटलं, विसरली. संपलं. आमचे सर विंगेत डोक्याला हात लावून उभे. आणि मी, हुशार माणूस, वल्हं सोडलं आणि ओरडलो, "आजी, कळलं मला! पलीकडनं तुझं घर दिसतं, म्हणून चाललीस!"

टाळ्या! काय टाळ्या! काही लोक उभे राहिले. सर विंगेतून धावत आले, मला उचललं. म्हणाले, "अरे, वाचवलंस!" कचौडीच्या दुकानापर्यंत सगळे तेच बोलत होते, बापूंच्या पोराने नाटक वाचवलं. मी बापूंना सांगून ठेवलं होतं, कप ठेवायला फळी लागेल, ठोकून ठेवा. त्यांनी ठोकलीसुद्धा.

निकाल लागला. मला काही नाही. पहिलं नाही, दुसरं नाही, उत्तेजनार्थही नाही. उत्तेजनार्थ मिळालं मंजिरीला. जी विसरली तिला!

मी तिथेच रडलो. मग सगळीकडे कळलं की पुढच्या दोन्ही परीक्षकांनी मला पहिला नंबर दिला होता आणि मागच्याने अडवला. आपल्या गल्लीत हे कळायला वेळ लागत नाही.

शनिवारी काका आले. मी सायकलची घंटा ऐकली आणि छतावर पळालो. छतावर माकडं होती, मी त्यांच्यात बसलो. खाली बापू म्हणत होते, "वर आहे, हाक मारतो." काका म्हणाले, "नको. ओढून आणलेल्या पोराला काय सांगायचं? स्वतः उतरला तर सांगेन." तासभर बसले. चहा प्यायले, परत प्यायले. मग अंगणात येऊन मोठ्याने म्हणाले, वर बघून, "बापू, चहा बढिया. तुमच्या त्या माकडाला सांगा, पुढच्या शनिवारी येतो." पुढच्या शनिवारी आले. मी छतावर. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस होता तरी आले. मी छतावर, भिजत. त्या दिवशी काही बोलले नाहीत. सायकल पुसली आणि गेले.

मग मी कुठेही गेलो तरी हे सांगत फिरलो. सुरतला, हैदराबादला, कँटीनमध्ये, खोलीवर. "हमको फर्स्ट मिला था, एक बुड्ढे ने काट दिया." शाळा का सोडलीस विचारलं, तरी हेच. हे खोटं होतं. शाळा मी सोडली कारण माझं मन लागत नव्हतं. पण एक म्हातारा दोषी असला की बरं पडतं. काकू, मला माफ करा. तुमच्यासमोर म्हणतोय, मी त्यांना खूप वर्षं शिव्या दिल्या.

दोन वर्षांपूर्वी मंजिरीकडून नंबर घेतला आणि फोन लावला. का लावला ते मलाच माहीत नाही. बंदरावर दुपारी काम बंद होतं, वारा फार होता. मी म्हटलं, "काका, मी नितीन, धर्मशाळेतल्या बापूंचा." पलीकडनं लगेच, एक क्षण न थांबता, "नावाडी?"

मी म्हटलं, "हो, काका."

"कुठे आहेस रे? माझं एक घर बाकी आहे."

"गुजरातमध्ये, काका. आता सांगा ना. आता मी ऐकतो."

"फोनवर नाही सांगत. माझं बोलणं तुला कुठे लागतंय ते मला दिसायला नको? तोंड बघितल्याशिवाय कारण सांगायचं नाही."

"मग व्हिडिओ करू का?"

"त्यात तुझं तोंड आधी हलतं आणि आवाज मागनं येतो. तसल्या नाटकाला मी शून्य देतो."

मी हसलो. तेही हसले. मी म्हटलं, "काका, आमची खोली गेली. बापू ताईकडे जबलपूरला आहेत. बनारसला माझं घर कुठे आहे आता?" म्हणाले, "ज्याच्याकडे उतरशील ते तुझं घर. मी तिथे येईन. चहा मात्र पाजावा लागेल."

आता तुम्ही म्हणाल, मग आला का नाहीस? सुट्टी मिळाली नाही. दिवाळीला नाही मिळाली, होळीला नाही मिळाली. हे सगळं खरं आहे. पण अजून एक खरं आहे, ते मी मंजिरीलाही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी एका मित्राच्या लग्नाला बनारसला आलो होतो. दोन दिवस होतो. दूधविनायकाच्या गल्लीत शिरलो. काका आपल्या घराच्या चबुतऱ्यावर बसले होते. गमछा खांद्यावर, पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेला. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. वीस पावलं होती. आणि मी मागे फिरलो. शिंदे घाटापर्यंत चालत गेलो आणि तिथे बसून राहिलो.

का? अहो, ते म्हणाले असते की माझंच चुकलं, तुझा पहिला नंबर होता, तर मी काय करणार होतो? आणि ते म्हणाले असते की तुझं हे चुकलं, तर मी काय करणार होतो? दोन्हीची भीती वाटली. इथे छत नव्हतं, म्हणून घाटावर पळालो. एवढाच फरक.

म्हटलं, पुढच्या वेळी.

मग मंजिरीचा मेसेज आला. मी सुपरवायझरला म्हटलं, सुट्टी द्या. तो म्हणाला, "कौन थे? घर के थे?" मी काय सांगू? परीक्षक होते म्हणून सांगू? म्हटलं, काका थे. चार दिवस मिळाले. तीन जाण्यायेण्यातच जातात.

काल दुपारी पोचलो आणि आधी सरोजबाईंकडे गेलो. बाई, रागावू नका, मी हे बोलतोय म्हणून. बाई तेव्हा पुढच्या टेबलावर होत्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही दोघांनी मला पहिला दिला होता ना? मग काकांनी काय सांगितलं म्हणून तुम्ही ऐकलंत?" बाई म्हणाल्या, "अरे नितीन, किती वर्षं झाली. आम्ही अर्धा तास भांडलो एवढं आठवतं. मी त्यांना म्हटलं, त्या पोराचं मन मोडेल. ते म्हणाले, मन मोडलं तर मी जोडायला जाईन, ते माझ्याकडे लागलं." मी म्हटलं, "पण कारण? कारण काय होतं?" बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "काहीतरी हाताबद्दल होतं. तुझ्या हाताबद्दल. आम्ही दोघं तेव्हा लिहीत होतो रे, आम्ही पाहिलंच नव्हतं."

हात? माझा हात तर वल्ह्यावर होता!

काल रात्रभर मी हात बघत होतो. ह्या हातांवर मी पगार घेतो. काय केलं होतं मी हातांनी?

आज सकाळी मंजिरी मला बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर भेटली. मंजिरी, सांगू का? ती मान हलवते आहे. सांगतो. मी तिला विचारलं, "तुझ्याकडे काका आले होते, तुला काय म्हणाले?" ती म्हणाली, "म्हणाले, तू गप्प झालीस तेव्हा घाबरली नाहीस, पाण्याकडे बघत राहिलीस. मागच्या रांगेत मलासुद्धा पाणी दिसलं." मी म्हटलं, "आणि माझं?" ती म्हणाली, "मी विचारलं होतं रे. तर म्हणाले, त्याचं त्याच्या घरी."

मग मी म्हटलं, "सरोजबाई म्हणाल्या, हाताबद्दल होतं काहीतरी."

मंजिरीने खाली बघितलं. खालच्या पायरीवर कोणीतरी कपडे आपटत होतं. मग म्हणाली, "तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"तू मला हात केला होतास. थांब म्हणून."

"कधी?"

"मी विसरले होते. पण मग आठवलं. मी मान वर केली, तोंड उघडलं, आणि तू असा हात केलास."

असा. हा बघा, असा. तळवा पुढे.

बंदरावर सगळे हात फक्त मीच करायचे असतात. पण हा एक हात कोणीही करू शकतो. झाडूवाल्याने केला तरी क्रेन थांबते. त्यात विचारायचं नसतं, का थांबू. थांबायचंच. मंजिरीही थांबली. मी म्हटलं, "मग तू तेव्हाच बोलली का नाहीस? इतकी वर्षं का नाही बोललीस?" ती म्हणाली, "सगळे म्हणत होते, नितीनने वाचवलं. मी काय बोलणार? आणि नंतर तू दिसलासच कुठे?"

ते वाक्य तिचं होतं हो. अख्ख्या नाटकात तिचं एवढंच एक वाक्य होतं, ज्याच्यासाठी सगळे थांबले होते. आणि ते तिच्या तोंडात आलं होतं. टेबलाशी बसलेल्यांनी पाहिलं नाही, सरांनी पाहिलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिलं नाही. मी केलं, तर मलाही दिसलं नाही. शेवटच्या रांगेतल्या एका माणसाने पाहिलं. खिशातली दोन पानं म्हणूनच कामाची नाहीत, ती हे कळायच्या आधीची आहेत.

मग तुम्ही म्हणाल, कळलं ना आता कारण? बस्स, झालं.

नाही झालं. हे मी म्हणतोय. मंजिरी म्हणते आहे. काका हेच म्हणाले असते का? की अजून काही होतं? की ते म्हणाले असते, हात केलास ते सोड, पण वल्हं कशाला सोडलंस, नाव वाहून गेली असती की? ते असं म्हणू शकले असते. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं. पण कसं म्हणाले असते? चहा पिता पिता? रागावून? मला समोर बसवून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं आणि त्यांना दिसलं असतं, कुठे लागतंय. माझं कारण मीच काढायचं आणि मीच ऐकायचं, ह्याला काय अर्थ आहे? माझं तोंड मला दिसत नाही.

ज्यांनी पाहिलं ते गेले. तीन शनिवार माझ्या दारात बसून गेले. मी काय करू आता? कोणाला फोन लावू?

माझ्या आधी भाऊसाहेबांनी सांगितलं की ह्या वर्षीपासून निकाल आणि परीक्षकांचे शेरे ग्रुपवर येतील, सगळ्यांची सोय होईल. भाऊसाहेब, तुम्ही मोठे आहात, मी नववीतून सुटलेला माणूस. मंडळाला शिकवणार नाही. पण कोणीतरी जा हो घरी. पाच-सहा नाटकं असतात. एखादं पोरगं ह्याही वर्षी छतावर बसेल. मीच गेलो असतो. पण परवा मला ड्यूटीवर उभं राहायचं आहे, आणि मी गेलो तरी सांगणार काय, मला कुठे काय दिसतं? मी इथून विचारतोय. जाईल का कोणी?

बघा. सगळे खाली बघताय. मी समजतो. सायकल चालवायला गुडघे लागतात, आणि कारण सांगायला आणखी काहीतरी लागतं. मी रागावलो नाही. मीही खालीच बघतोय.

भाऊसाहेब घड्याळ दाखवताहेत. संपवतो.

आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे. माझी एक विनंती आहे. काकांचा फोटो इथे पुढे ठेवला आहे, हार घातला आहे, चांगला आहे. पण ते पुढे कधी बसले नाहीत. म्हणून सगळ्यांनी मागे वळून उभं राहू या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. काकू, तुम्ही बसूनच राहा, फक्त खुर्ची वळवून देतो.

वळा.

काका, चहा राहिला. घर बाकी राहिलं. ह्या वेळी सगळे गप्प आहेत, आणि मी मध्ये बोलणार नाही. माझे दोन्ही हात खाली आहेत.

बघा.